मूत्रातील अल्ब्युमिन आणि रोहिण्यांचे वार्धक्य : एका लक्षणाच्या अर्थांतराचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात रोगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लक्षणांविषयी त्या मानाने फारच थोडे. रोगाची कल्पना काळानुसार पालटते हे आपण सहज मान्य करतो. लक्षण मात्र जसेच्या तसे राहते आणि वैद्य ते उत्तरोत्तर अधिक अचूकपणे पाहू लागतो, अशी आपली समजूत असते. मूत्रातील प्रथिनाचे, त्यातही मुख्यतः अल्ब्युमिनचे, उदाहरण या समजुतीस छेद देणारे आहे. काही रोग्यांचे मूत्र तापविले असता त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा साका धरतो, ही गोष्ट युरोपातील वैद्यांना सतराव्या शतकापासून ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा साका सर्वांगावरील सुजेचा एक विशिष्ट प्रकार ओळखण्याची खूण होता. एकोणिसाव्या शतकात तो मूत्रपिंडाच्या रोगाचे गमक ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच द्रव्य, तापवूनही डोळ्यांना दिसू नये इतक्या अल्प प्रमाणात असताना, शरीरातील एकंदर रक्तवाहिन्या जीर्ण होऊ लागल्याची पूर्वसूचना मानले जाऊ लागले.

हे अर्थांतर परीक्षेची साधने सूक्ष्म होत गेल्यामुळे घडले, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु अपुरे आहे. साधने सूक्ष्म होण्याच्या पुष्कळ आधी एक प्रश्न विचारला गेला होता : आधी काय बिघडते, मूत्रपिंड की रक्तवाहिनी? त्या प्रश्नाचे आज जे उत्तर बरेचसे मान्य आहे, त्याची रूपरेषा १८७४ मध्ये एका पंचवीस वर्षांच्या वैद्याने मांडली होती. ती मांडणी पुढे विस्मृतीत गेली आणि तिच्यातील प्रश्न नव्वद वर्षांनी नव्या साधनांसह परत विचारावा लागला. या कथेतील तीन प्रमुख व्यक्ती, रिचर्ड ब्राइट, फ्रेडरिक अकबर महंमद आणि हॅरी कीन, लंडनच्या एकाच रुग्णालयाशी, गाय्ज हॉस्पिटलशी, संबद्ध होत्या हा योगायोग इतिहासकाराच्या सोयीचा आहे. सर्व कथा त्या एका इमारतीत घडली असे मात्र त्यावरून समजू नये.

ब्राइटपूर्व काळाचा परामर्श थोडक्यात घेता येईल. मूत्रावर टिकून राहणारे बुडबुडे मूत्रपिंडाचा दीर्घ रोग दर्शवितात, अशा आशयाचे एक वचन हिपॉक्रेटिसच्या नावावरील सूत्रसंग्रहात आहे. प्रथिनयुक्त द्रवाला फेस येतो हे खरे असल्यामुळे आधुनिक ग्रंथकारांना त्या वचनाचा मोह पडतो. आपल्याकडेही काही लेखकांनी चरकाच्या वीस प्रमेहांत अल्ब्युमिनचा शोध घेऊन आलालमेह, म्हणजे वाग्भटाचा लालामेह, तोच होय असे प्रतिपादन केले आहे. लाळेसारख्या तंतुयुक्त, बुळबुळीत मूत्राचे ते वर्णन अनेक विकारांना लागू पडू शकते; शिवाय चरकाचे वर्गीकरण दोषांवर उभारलेले आहे, द्रव्यांच्या पृथक्करणावर नव्हे. अशा समीकरणांनी प्राचीन ग्रंथाचा गौरव होत नाही आणि आधुनिक शोधाचे स्वरूपही कळत नाही.

द्रव्य म्हणून या साक्याची नोंद घेणारा पहिला महत्त्वाचा वैद्य लायडेनचा फ्रेडरिक डेकर्स होय. काही रोग्यांचे मूत्र तापवून त्यात आम्ल घातले असता ते दुधाळ होते, असे त्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने १७६४ मध्ये अंगभर सूज आलेल्या एका सैनिकाच्या मूत्रात हीच गोष्ट पाहिली. कोतुन्योच्या प्रयोगामागे एक तर्क होता. सुजेच्या द्रवात तापविल्यावर गोठणारे द्रव्य असते. मूत्रावाटे सूज ओसरत असेल तर ते द्रव्य मूत्रातही सापडले पाहिजे, असा तो तर्क. म्हणजे मूत्रातील अल्ब्युमिन हे त्याच्या दृष्टीने रोग बाहेर पडत असल्याचे चिन्ह होते. पुढे इंग्लंडात विल्यम क्रुकशँक याने १७९८ मध्ये मूत्र गोठणारी सूज आणि न गोठणारी सूज असा भेद केला. विल्यम वेल्स व जॉन ब्लॅकॉल यांनी १८१२ व १८१३ मध्ये या विषयावर विस्ताराने लिहिले. वेल्सने शवविच्छेदनात मूत्रपिंडातील विकृती पाहिलीही होती. परंतु त्या विकृतीला त्याने कारणाचे स्थान दिले नाही. पाहणे आणि पाहिलेल्या गोष्टीला कार्यकारणाच्या साखळीत स्थान देणे, या दोन क्रियांत किती अंतर असू शकते याचे वेल्स हे चांगले उदाहरण आहे.

ते स्थान रिचर्ड ब्राइट याने दिले. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वैद्यकीय वृत्तांतांच्या ग्रंथात त्याने सूज, गोठणारे मूत्र आणि शवविच्छेदनात आढळणारे विकृत मूत्रपिंड या तीन गोष्टी एकत्र बांधल्या. त्याची परीक्षा अगदी साधी होती : चमच्यात थोडे मूत्र घ्यावयाचे आणि ते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाचे. रसायनाचे काम जॉन बॉस्टॉक करीत असे. रोग्याच्या मूत्रात जे अल्ब्युमिन येते ते त्याच्या रक्तातून कमी झालेले असते, हे त्याच्या पृथक्करणांवरून दिसून आले. चमचा आणि मेणबत्ती कोठेही मिळत असल्यामुळे ही परीक्षा झपाट्याने पसरली आणि ‘ब्राइटचा रोग’ हे नाव अल्पावधीत सर्वतोमुखी झाले. १८४२ मध्ये गाय्जमध्ये केवळ मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी दोन कक्ष राखून ठेवण्यात आले व त्यांच्या जोडीला एक लहान प्रयोगशाळाही देण्यात आली. एका अवयवाच्या रोगासाठी रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा एकत्र आणण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न होय.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ब्राइटच्या १८२७ च्या ग्रंथापेक्षा त्याचा १८३६ चा लेख अधिक महत्त्वाचा आहे. गाय्ज हॉस्पिटलच्या वार्षिक वृत्तांतात त्याने अल्ब्युमिनयुक्त मूत्राच्या शंभर रोग्यांच्या शवविच्छेदनाचा तक्ता दिला. त्यात ५२ जणांचे हृदय वाढलेले होते आणि त्यांपैकी ३४ जणांच्या हृदयाच्या झडपांत कोणताही दोष नव्हता. झडपा निर्दोष असताना हृदयाचा डावा कप्पा जाड का व्हावा? ब्राइटने दोन शक्यता सांगितल्या. दूषित रक्त हृदयाला प्रत्यक्ष चेतवीत असेल. किंवा ते सूक्ष्म वाहिन्यांतील अभिसरणात असा काही अडथळा आणीत असेल की त्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागत असेल. रक्तदाब मोजण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना केलेले हे अनुमान आहे. त्यात मूत्रपिंड आणि हृदय यांच्यामध्ये प्रथमच सूक्ष्म रक्तवाहिनी येऊन उभी राहिली. अर्थात क्रम अजून तोच होता : प्रथम मूत्रपिंड बिघडते, त्यामुळे रक्त दूषित होते, त्यामुळे वाहिन्या व हृदय यांवर ताण येतो.

या क्रमावरच पुढील वाद झाला. किंग्ज कॉलेजच्या जॉर्ज जॉन्सनने १८६८ मध्ये लहान रोहिण्यांच्या भिंतीतील स्नायू जाड झालेला दाखवून दिला. दूषित रक्ताला आत येऊ न देण्यासाठी या रोहिण्या तोटीप्रमाणे आवळल्या जातात आणि हृदय त्यांच्याशी झुंजत राहते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. गाय्जचे विल्यम गल आणि लंडन हॉस्पिटलचे हेन्री सटन यांनी १८७२ मध्ये याच्या उलट बाजू मांडली. त्यांच्या मते सूक्ष्म रोहिण्यांत व केशवाहिन्यांत एक तंतुमय, काचेसारखा थर साचतो. हा विकार सर्व शरीरभर असतो. मूत्रपिंडाचे आकुंचन हा त्याचा केवळ एक आविष्कार होय आणि काही रोग्यांत मूत्रपिंड जवळजवळ निर्दोषही असू शकते. ही विकृती वार्धक्यात होणाऱ्या बदलांशी नाते सांगणारी आहे, असेही त्यांनी नमूद केले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तो थर ऊतक तयार करताना वापरलेल्या द्रवांमुळे फुगलेला भास आहे, असा जॉन्सनचा आक्षेप होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. दोन्ही पक्षांची खरी अडचण निराळीच होती. दोघेही मृत शरीर पाहत होते. मृत शरीरात सर्व विकृती एकाच वेळी दिसतात. कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे तेथे वाचता येत नाही. त्यासाठी जिवंत माणसाची नाडी आणि मूत्र यांच्या नोंदी दिवसामागून दिवस ठेवावयास हव्या होत्या.

हे काम फ्रेडरिक अकबर महंमद याने केले. त्याचा आजा शेख दीन महंमद हा पाटण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात काही वर्षे काढून तो आयर्लंडला गेला, तेथे १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले, १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे उपाहारगृह काढले आणि शेवटी ब्रायटन येथे बाष्पस्नान व अंगमर्दन यांच्या व्यवसायात नाव मिळविले. नातवाचा जन्म १८४९ चा, ब्रायटनमधलाच. १८६९ मध्ये तो विद्यार्थी म्हणून गाय्जमध्ये आला आणि शिकत असतानाच फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याच्या नाडीलेखक यंत्रात त्याने सुधारणा केली. या यंत्रात मनगटावरील रोहिणीवर एक कमान टेकविलेली असते. नाडीच्या ठोक्याबरोबर ती हलते आणि तिला जोडलेली तरफ काजळलेल्या कागदावर लाटेची आकृती काढते. मारेच्या यंत्रात कमानीचा दाब ठराविक प्रमाणात देता येत नसे. महंमदने तो मोजून देण्याची योजना केली. रोहिणी दाबून टाकण्यासाठी किती भार लागतो यावरून आतील ताणाचा अंदाज येऊ लागला आणि लाटेच्या आकारावरून रोहिणीच्या भिंतीविषयी काही सांगता येऊ लागले.

पुढे लंडनच्या ज्वर रुग्णालयात निवासी वैद्य म्हणून काम करताना त्याला जी सामग्री मिळाली, ती त्याच्या प्रश्नासाठी फार अनुकूल होती. स्कार्लेट ज्वरातून उठणाऱ्या काही मुलांना दोनतीन आठवड्यांनी मूत्रपिंडाचा दाह होतो आणि मूत्रात अल्ब्युमिन येते, हे माहीत होते. म्हणजे रोग कोणाला होण्याचा संभव आहे आणि साधारण केव्हा, हे आधीच ठाऊक असलेले रोगी त्याच्यासमोर होते. रोज नाडीचा आलेख घ्यावयाचा, रोज मूत्र तपासावयाचे. त्यात त्याला असे दिसले की मूत्रात अल्ब्युमिन येण्यापूर्वीच नाडीतील ताण वाढलेला असतो. त्याच सुमारास गुआयकम या झाडाच्या डिंकाचा अर्क वापरून त्याने मूत्रातील रक्तरंजकाचा अत्यल्प अंशही दाखवून दिला. १८७४ मध्ये रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ब्राइटच्या रोगाला ‘अल्ब्युमिनपूर्व अवस्था’ असते, हे त्या निबंधाचे प्रतिपाद्य होते.

या शब्दात किती आशय भरला आहे हे सावकाश पाहण्यासारखे आहे. ब्राइटपासून चालत आलेल्या व्याख्येनुसार अल्ब्युमिन असेल तरच तो रोग; अल्ब्युमिनपूर्वी रोग असतो म्हणणे ही त्या व्याख्येत विसंगतीच होय. महंमदने ती विसंगती जाणूनबुजून पत्करली. पुढे १८७९ ते १८८१ या काळातील लेखांत त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. ज्यांच्या मूत्रात अल्ब्युमिन कधीच आढळत नाही, परंतु नाडीत कायमचा ताण असतो, अशा माणसांचा एक मोठा वर्ग त्याने वर्णिला. ही माणसे तारुण्यात धडधाकट दिसतात, आपापला उद्योग करतात आणि कोणत्याही वैद्याच्या दृष्टीस पडत नाहीत. वय चाळिशीपन्नाशीकडे झुकू लागले की हाच ताण हृदय, मेंदू किंवा मूत्रपिंड यांपैकी एखाद्या ठिकाणी प्रकट होतो. आज ज्याला आपण प्राथमिक उच्च रक्तदाब म्हणतो त्याचे हे नि:संदिग्ध वर्णन आहे. विशेष म्हणजे वयोमानाने रोहिणी ताठर झाली असता नाडीची लाट कशी बदलते आणि ताणामुळे कशी बदलते, याकडेही त्याने लक्ष दिले होते. रोहिण्यांचे वार्धक्य आलेखावर वाचता येते ही कल्पना त्याच्या हाती आलेली होती.

१८८४ मध्ये विषमज्वराने तो वारला. वय अवघे पस्तीस. त्याचे काम पुढील दोन पिढ्यांत का विसरले गेले याची उत्तरे निरनिराळी दिली जातात. त्याचे परकीय नाव आणि वंश यांना काही लेखक महत्त्व देतात. तो गाय्जमध्ये साहाय्यक वैद्याच्या पदापर्यंत पोहोचला होता आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने हाती घेतलेल्या सामूहिक रोगसंशोधनाचा तो प्रमुख कार्यकर्ता होता, हे पाहता मला हे स्पष्टीकरण एकट्याने पुरेसे वाटत नाही. अकाली मृत्यू हे एक कारण उघडच आहे. दुसरे कारण नावाचे. त्याने नवा रोग शोधला, पण त्याला नाव दिले ते ‘अल्ब्युमिनरहित ब्राइटचा रोग’, म्हणजे ज्या चौकटीतून तो बाहेर पडला होता तिचेच. इतरांनी नवी नावे दिली आणि श्रेय नावांबरोबर गेले. तिसरे कारण यंत्राचे. नाडीलेखक हाताळणे कठीण. दोन वैद्यांचे आलेख जुळत नसत. १८९६ मध्ये रीवा-रोच्ची याने दंडावर बांधावयाचा रबरी पट्टा आणला, १९०५ मध्ये कोरोत्कॉफने त्याला नळीतून ऐकू येणाऱ्या ध्वनींची जोड दिली, आणि रक्तदाब ही एक संख्या झाली. संख्या सोपी असते. लाटेचा आकार व त्याबरोबर रोहिणीच्या भिंतीविषयीची जिज्ञासा कित्येक दशके मागे पडली.

याच काळात अल्ब्युमिनची प्रतिष्ठाही एका वेगळ्या कारणाने घटली. १८७० नंतरच्या दशकात जर्मनीत लॉइबे याने लांब कूच करून आलेल्या निरोगी सैनिकांच्या मूत्रात अल्ब्युमिन दाखविले. गाय्जच्याच पेव्ही याने १८८५ मध्ये काही निरोगी तरुणांच्या मूत्रात ते ठराविक वेळी येते आणि नाहीसे होते असे दाखविले; पुढे उभे राहण्याशी त्याचा संबंध जोडण्यात आला. आयुर्विम्याच्या वैद्यांपुढे मोठाच पेच पडला : अशा अर्जदाराला विमा नाकारावयाचा की नाही? हे अल्ब्युमिन ‘क्रियात्मक’ म्हणून बाजूला ठेवण्याची रीत पडली. व्यवहारात ती योग्यच होती. परंतु तिच्यामुळे एक समजही रुजला. अल्ब्युमिन पुष्कळ असेल तर मूत्रपिंडाचा रोग, थोडे असेल तर दुर्लक्षणीय. मधल्या प्रदेशात काही अर्थ असू शकेल अशी शंका घेण्याचे साधनही नव्हते आणि कारणही उरले नाही.

साधन आले ते १९६३ मध्ये. बर्सन आणि यॅलो यांनी किरणोत्सर्गी द्रव्य व प्रतिपिंड यांच्या साहाय्याने रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत नुकतीच सिद्ध केली होती. गाय्जमध्ये हॅरी कीन आणि क्लोव्हेराकिस यांनी तीच रीत मूत्रातील अल्ब्युमिनला लावली. आजच्या रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीलाही दर लिटरला शेदोनशे मिलिग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन असल्याखेरीज ते सहसा कळत नाही. या रीतीने त्याहून कितीतरी कमी प्रमाण मोजता येऊ लागले. कीनचा मूळ विषय मधुमेह होता. १९६२ मध्ये बेडफर्ड या गावातील रहिवाशांची साखरेसाठी तपासणी झाली होती. त्यात नव्याने सापडलेल्या मधुमेहींच्या मूत्रात अल्ब्युमिन इतरांपेक्षा अधिक आढळले, आणि त्याचा संबंध रक्तशर्करेइतकाच रक्तदाबाशीही होता.

या निरीक्षणाला भविष्याची जोड मिळण्यास वीस वर्षे लागली. १९६० च्या दशकात ज्या मधुमेहींचे रात्रभरचे मूत्र मोजले होते, त्यांना व्हिबेर्ती, कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा वर्षांनी पुन्हा शोधून काढले. आरंभी ज्यांचे अल्ब्युमिन मिनिटाला ३० मायक्रोग्रॅमहून कमी होते अशा ५५ जणांपैकी केवळ दोघांच्या मूत्रात आता उघड प्रथिन होते. ज्यांचे ३० ते १४० होते अशा आठांपैकी सात जणांच्या. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा पाया केवळ आठ माणसांचा आहे, ही गोष्ट नंतरच्या पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. निष्कर्ष पुढील मोठ्या अभ्यासांत दिशेने खरा ठरला, प्रमाणाने मात्र बराच सौम्य झाला.

आता महंमदचा शब्द पुन्हा समोर येतो. त्याच्या ‘अल्ब्युमिनपूर्व’ रोग्यांच्या मूत्रात अल्ब्युमिन खरोखरच नव्हते काय? त्याच्या परीक्षानळीत ते दिसत नव्हते, इतकेच निश्चितपणे म्हणता येते. कीनची रीत त्याच्या हाती असती तर त्यांतील काहीजण पहिल्याच दिवशी अल्ब्युमिनयुक्त ठरले असते, हे संभवनीय आहे. म्हणजे ‘पूर्व’ हा शब्द रोगाच्या काळाबरोबरच परीक्षेच्या मर्यादेविषयीही बोलतो. तथापि यामुळे महंमदचे प्रतिपादन खोटे ठरत नाही. उतारवयातील उच्च रक्तदाबात दाब व रोहिणीतील बदल आधी आणि अल्ब्युमिन नंतर, हा क्रम पुष्कळदा खरा आहे. इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या तरुण मधुमेहींत मात्र अल्ब्युमिन आधी वाढू लागते आणि दाब त्याच्या मागोमाग किंवा बरोबर चढतो. एकच क्रम सर्वांना लावण्याचा आग्रह जॉन्सन आणि गल या दोघांनीही धरला होता. तो दोघांचाही टिकला नाही.

अल्ब्युमिनचा अर्थ मूत्रपिंडाबाहेर नेणारे निर्णायक काम १९८४ ते १९८९ या पाच वर्षांत झाले आणि त्यातील मोठा वाटा डेन्मार्कचा आहे. मोगेन्सेन याने १९८४ मध्ये दाखविले की प्रौढपणी मधुमेह झालेल्यांत अल्प अल्ब्युमिन हे अकाली मृत्यूचे पूर्वचिन्ह आहे. आणि हे मृत्यू बहुशः हृदय व रक्तवाहिन्यांच्या रोगाने होत होते, मूत्रपिंड निकामी होऊन नव्हे. १९८८ मध्ये यडकिन याने उत्तर लंडनमधील मधुमेह नसलेल्या माणसांतही हाच संबंध दाखविला. पुढील वर्षी कोपनहेगनजवळच्या स्टेनो रुग्णालयातील डेकेर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्धान्त मांडला : मूत्रातील अल्ब्युमिन हे सर्व शरीरभर पसरलेल्या वाहिनी-विकृतीचे प्रतिबिंब होय. अशा मधुमेहींच्या रक्तातून अल्ब्युमिन केवळ मूत्रातच नव्हे तर इतर ऊतकांतही नेहमीपेक्षा वेगाने पाझरते, हा त्यांच्याजवळचा पुरावा होता. गल आणि सटन यांचे सर्वांगव्यापी विकाराचे प्रतिपादन एकशेसतरा वर्षांनी या रूपात परतले, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की साचलेल्या थराच्या जागी आता गळती आली.

सर्व वाहिन्यांची साक्ष मूत्रपिंडानेच का द्यावी, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तेथील केशिकागुच्छांतून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तातील प्रमाणातच अल्ब्युमिन त्या द्रवाबरोबर आले असते, तर दिवसाला सुमारे सात किलोग्रॅम आले असते. निरोगी माणसाच्या मूत्रात ते दिवसाला ३० मिलिग्रॅमहूनही कमी येते. वाहिनीचे अंतःस्तर व त्यावरील शर्करायुक्त लेप, त्याखालचे आधारपटल आणि बाहेरील पादपेशी मिळून बहुतेक सर्व अल्ब्युमिन अडवितात. निसटलेले बरेचसे पुढील नलिका परत शोषून घेतात. इतक्या प्रचंड व्यवहारात इतकी अल्प गळती असल्यामुळे तिच्यात पडलेला थोडासा फरकही मोजता येतो. दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या केशवाहिन्यांतून पाझरलेले अल्ब्युमिन अशा रीतीने बाटलीत जमा करता येत नाही.

वार्धक्याचा संबंध येथे आणखी एका मार्गाने येतो. तरुण महारोहिणी लवचीक असते. हृदयाच्या ठोक्याचा धक्का ती आपल्या भिंतीत सामावून घेते. वयाबरोबर तिच्यातील लवचीक तंतू झिजून तुटतात आणि ती ताठर होते. मग धक्का ओसरत नाही. तो पुढे जातो. बहुतेक अवयवांत लहान रोहिण्या आवळलेल्या असल्यामुळे तो अडतो. मूत्रपिंड आणि मेंदू यांना मात्र सतत पुष्कळ रक्त हवे असल्याने त्यांची दारे बरीचशी उघडी असतात आणि तो धक्का त्यांच्या सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत पोहोचतो. ही मांडणी ओरोर्क आणि सफार यांनी २००५ मध्ये केली. त्यातील ऑस्ट्रेलियाच्या ओरोर्क यानेच १९९२ मध्ये महंमदवर लेख लिहून त्याच्या नाडी-आलेखांचे महत्त्व पुन्हा पुढे आणले होते, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. लाटेचा आकार आणि मूत्रातील प्रथिन या महंमदने एकत्र पाहिलेल्या दोन गोष्टी या मांडणीत पुन्हा शेजारी आल्या.

यावरून अल्ब्युमिन खाली आणले की रोहिण्या तरुण होतात, असे अनुमान कोणी काढील, काढलेही गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५ हजारांहून अधिक रोग्यांवरील ऑनटार्गेट या चाचणीत रक्तदाबावरील दोन औषधे एकत्र दिली असता मूत्रातील प्रथिन एकेका औषधापेक्षा अधिक उतरले. परंतु मृत्यू किंवा हृदयविकार त्याप्रमाणात उतरले नाहीत आणि मूत्रपिंडाचे काही अनिष्ट परिणाम उलट वाढले. कोतुन्योच्या मनातील गोंधळाचीच ही आधुनिक आवृत्ती आहे. त्याने साक्षीदाराला बाहेर पडणारा रोग समजले. येथे साक्षीदाराला गप्प करणे हाच उपचार समजला गेला.

मर्यादेचा प्रश्नही सुटलेला नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहराच्या ४० हजारांहून अधिक रहिवाशांच्या मूत्रावर आधारलेला २००२ चा अभ्यास, फ्रॅमिंगहॅम येथील मधुमेह व उच्च रक्तदाब नसलेल्या माणसांवरील २००५ चा अभ्यास आणि एक लक्षाहून अधिक व्यक्तींची मोजमापे एकत्र करणारे २०१० चे विश्लेषण, या तिन्हींत धोका रूढ सीमेच्या खालूनच चढू लागलेला दिसतो. क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम ही ती सीमा. शेवटच्या विश्लेषणात १० मिलिग्रॅमच्या सुमारासही मृत्यूचे प्रमाण वाढलेले होते. तीसच्या अंकाचा मान पुष्कळसा त्या आठ मधुमेहींच्या काळापासूनचा आहे. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी ‘सूक्ष्म-अल्ब्युमिन’ हा शब्द सोडून द्यावा असे सुचविले, कारण त्याने अल्ब्युमिनचा रेणूच लहान असावा असा ग्रह होतो. त्याऐवजी तीन श्रेणी दिल्या. पण पहिल्या दोन श्रेणींमधील रेषा तीसवरच ठेवली.

वृद्धांच्या बाबतीत या रेषेला आणखी एक अडचण आहे. दिवसभराचे मूत्र साठविणे त्रासाचे असल्यामुळे एका वेळच्या नमुन्यातील अल्ब्युमिनला क्रिएटिनिनने भागण्याची पद्धत रूढ झाली. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि वयाबरोबर स्नायू घटतात. ऐंशी वर्षांच्या कृश स्त्रीच्या मूत्रात क्रिएटिनिन कमी असल्यामुळे, अल्ब्युमिन काडीमात्र न वाढताही तिचे गुणोत्तर तीसची रेषा ओलांडू शकते. तेव्हा तिच्या अहवालातील आकडा रोहिण्यांविषयी किती सांगतो आणि दंडा-मांड्यांच्या स्नायूंविषयी किती, हे वेगळे काढावयाचे तर निदान एकदा तरी तिच्या चोवीस तासांच्या मूत्रातील अल्ब्युमिन मोजून पाहणे भाग आहे.